चौकस गाडी

गाडीत फोनवरची गाणी लावायला पूर्वी एक बारकी काळी तार पुरायची. एक टोक फोनमध्ये, दुसरं डॅशबोर्डवरच्या 'ऑक्स' लिहिलेल्या भोकात. थोडी खरखर, एक खट्ट, की झालं सुरू. ही तार कायम गिअरच्या दांड्यात अडकलेली असायची आणि टोकाजवळ आतून तुटलेली. ठरावीक कोनात वाकवून धरली तरच दोन्ही बाजूंचे स्पीकर वाजायचे, त्यामुळे पुढच्या सीटवर बसणाऱ्याला ती धरून बसायची ड्यूटी लागायची. तिला मी भरपूर शिव्या घातल्यात. तिचा एक गुण मात्र ती गेल्यावर कळला. फोन कुणाचा, त्यात नंबर कुणाकुणाचे, मघाशी त्यावर काय ऐकत होता, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. इकडून आलेला आवाज ती तिकडे पोचवायची. उपटली की संबंध संपला.

आताच्या गाडीला तार लागत नाही, ओळख लागते. गाडी सुरू केली की ती आधी आसपास कुणी ओळखीचं आहे का ते चाचपते, आणि एकदा झालेली ओळख सहसा विसरत नाही. ब्लूटूथच्या या बिनतारी कारभारात आवाजाचं काय होतं यापेक्षा ओळखीचं काय होतं, तेच मला जास्त मजेचं वाटत आलंय.

गाडीत आपल्याला हवं तेच वाजावं ही हौस जुनीच. १९३० साली अमेरिकेत गॅल्विन बंधूंनी 'मोटोरोला' नावाचा गाडीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला, पण रेडिओवर लागेल ते ऐकायचं, आपली निवड नाही. म्हणून १९५६ मध्ये क्रायस्लर कंपनीने चक्क रेकॉर्ड प्लेअर गाडीत बसवला, डॅशबोर्डच्या खाली. त्याची तबकडी मिनिटाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फेरे घ्यायची, नेहमीच्या एलपी तबकडीच्या बरोब्बर निम्मे, आणि त्यासाठी खास सात इंची तबकड्या काढलेल्या. खड्ड्यातून जाताना सुई उडू नये ही त्यांची खटपट, आणि खड्डे ते खड्डेच. काही वर्षांत तो प्रकार बंद पडला. पुढे टेप आले, सीडी आल्या. पण कॅसेट कुणाचीही घाला, टेप निमूटपणे वाजवायचा. फार तर ती गिळून टाकायचा. मालकाचं नाव विचारणारा टेप मी तरी पाहिलेला नाही.

ब्लूटूथचं काम १९९४ मध्ये स्वीडनमधल्या लुंड इथे एरिक्सन कंपनीत सुरू झालं, तेव्हा हेतू साधा होता, उपकरणांमधल्या तारा घालवायच्या. १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, इंटेल, आयबीएम आणि तोशिबा यांनी त्यासाठी एक गट केला. (ब्लूटूथ हे नाव एका डॅनिश राजावरून आलं, पण ती गोष्ट इथे नको.) पण तार घालवली की तिच्याबरोबर एक निश्चिंतीही जाते. तारेने जोडलेल्या दोन वस्तूंना आपण कुणाशी बोलतोय असा प्रश्न पडत नाही. ज्याच्यात खोचलंय, त्याच्याशी. हवेत तसं नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या ज्या पट्ट्यात ब्लूटूथ बोलतं तिथेच वायफाय आहे, शेजारच्या गाडीचं ब्लूटूथ आहे, मायक्रोवेव्ह ओव्हनमधून निसटणाऱ्या लहरीही तिथल्याच. एवढ्या गलक्यात फोन आणि गाडी एका जागी उभं राहून बोलतच नाहीत. तो पट्टा ७९ वाहिन्यांत विभागलाय आणि दोघं मिळून सेकंदाला १६०० वेळांपर्यंत वाहिनी बदलतात. एका ठिकाणी ६२५ मायक्रोसेकंद, की पुढची उडी. ज्या वाहिन्यांवर गोंगाट फार, त्या वगळून उड्या मारायची अक्कल २००३ मध्ये आलेल्या आवृत्तीपासून आली.

हेडी लामार या हॉलिवूडच्या नटीने ब्लूटूथचा शोध लावला, असा एक फॉरवर्ड अधूनमधून येत असतो. ते ओढूनताणून आहे. तिने आणि जॉर्ज अँथाइल या संगीतकाराने १९४२ मध्ये पेटंट मिळवलं ते रेडिओने पाणतीर, म्हणजे टॉर्पेडो, वळवण्याचं. शत्रूने संदेशात अडथळा आणू नये म्हणून लहरींची जागा बदलत राहायची, आणि अशा जागा किती, तर पियानोला पट्ट्या असतात तितक्या, ८८. ब्लूटूथ हे काही त्या पाणतीराचं थेट वंशज नव्हे. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे तीच आहे. पुढची उडी कुठे, हे दोन्ही टोकांना आधीच ठाऊक हवं. त्यांच्या योजनेत दोन्हीकडे सारखीच भोकं पाडलेल्या कागदी गुंडाळ्या होत्या. ब्लूटूथमध्ये हा क्रम जोडीतल्या मुख्य उपकरणाचा पत्ता आणि त्याचं घड्याळ यांवरून निघतो. तू कोण हे कळल्याशिवाय कुठे भेटायचं तेच ठरत नाही. गाडीच्या अंगातला चौकसपणा असा पार मुळातला आहे.

म्हणून तर पहिल्या भेटीचा एवढा सोहळा. फोनच्या यादीत गाडीचं नाव दिसायला वेळ लागतो, मग दोन्ही पडद्यांवर एकच सहा आकडी संख्या येते, आणि 'जुळतात का?' असं विचारलं जातं. आपण न बघता 'हो' दाबतो. मी आजवर कुणालाही ते आकडे खरोखर ताडून बघताना पाहिलेलं नाही. खरं तर त्यांना अर्थ आहे. फोन आणि गाडी एकमेकांना किल्ल्या, म्हणजे लांबलचक आकडे, देतात आणि त्यांवरून दोघंही आपापल्या जागी ती संख्या काढतात. मध्ये तिसरंच कुणी घुसून दोघांशी वेगवेगळं बोलत असेल, तर दोन पडद्यांवर वेगळे आकडे येतील. तो चोर पकडायची एकुलती एक वेळ ती, आणि ती आपण अंगठ्याच्या एका टोल्यात उडवतो. २००७ मध्ये ही पद्धत आली. त्याआधी चार आकडी पिन असायचा आणि तो बहुतेक गाड्यांत ०००० किंवा १२३४ असायचा. त्या मानाने आपण फारच सावध झालो म्हणायचं.

ही ओळख झाली की एक गुप्त किल्ली दोघांकडेही जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी कुणी काही विचारत नाही. गोम इथेच आहे. 'कालपर्यंत चालत होतं, आज कनेक्टच होत नाही' अशा तक्रारीत पुष्कळदा एका बाजूने किल्ली टाकून दिलेली असते आणि दुसरी बाजू जुनीच घेऊन बसलेली असते. फोन रीसेट केलेला असतो, नाहीतर गाडीची यादी भरल्यावर तिने सर्वांत जुन्या फोनला परस्पर डच्चू दिलेला असतो. मग माणूस फोनमधून गाडी पुसतो, पुन्हा जोडतो, पुन्हा तेच. कारण गाडीने त्याला पुसलेलं नसतं. दोन्हीकडून नाव काढायचं, दोन्ही बंद करून सुरू करायचं, आणि पहिल्यापासून ओळख करून द्यायची. यावर दुसरा मंत्र माझ्या पाहण्यात नाही.

त्याहून चक्रावून टाकणारी तक्रार दुसरीच. कनेक्ट झालंय असं दिसतं, फोन आला तर बोलता येतं, पण गाणं काही वाजत नाही. तारेच्या बाबतीत असं होऊच शकत नव्हतं, लागली तर सगळं, नाही तर काहीच नाही. पण फोन आणि गाडी यांच्यात जे होतं तो एक करार नसतो, करारांचा गठ्ठा असतो, आणि त्यातला एखादा फिसकटला तरी बाकीचे चालू राहतात. बोलण्यासाठी एक, गाण्यासाठी दुसरा, स्टिअरिंगवरच्या बटणाने पुढचं गाणं लावायला आणि पडद्यावर गाण्याचं नाव दिसायला तिसरा. कॉन्टॅक्टची वही गाडीत उतरवून घ्यायला चौथा, मेसेज वाचून दाखवायला पाचवा. फोनच्या ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये गाडीच्या नावावर दाबलं की यातले काही वेगवेगळ्या बटणांच्या रूपात समोर येतात. गाणं वाजत नसेल तर 'मीडिया'चं बटण बंद झालेलं असण्याची शक्यता बरीच. गाडीच्या बाजूने रेडिओच निवडलेला नाही ना, हे त्याच्याही आधी बघावं.

करार वेगळे म्हणून आवाजही वेगळा. गाण्याच्या करारात आवाज दोन कानांचा, बऱ्यापैकी भरलेला येतो. बोलण्याच्या करारात तो एकाच कानाचा आणि चिंचोळा. जुन्या पद्धतीत सेकंदाला आवाजाचे ८००० नमुने घेतले जातात, नव्या गाड्यांत १६,०००, तर सीडीवर ४४,१०० असतात. म्हणून फोन आला की गाणं थांबतं, आणि एखाद्या ॲपने उगाचच बोलण्याचा मार्ग धरून ठेवला तर उत्तम गाणंसुद्धा टेलिफोनच्या रिसीव्हरमधून ऐकल्यासारखं लागतं. आवाजाची बटणंही दोन, फोनची वेगळी नि गाडीची वेगळी. फोनची जवळजवळ पूर्ण वर ठेवून गाडीची बेताची ठेवली तर आवाज स्वच्छ येतो. उलट केलं तर गाडी फोनचा पुटपुटाट मोठा करते आणि त्याबरोबर खरखरही.

ही झाली कारागिरी. पण पाचही करार मिळून काय होतं, तर आपला फोन गाडीत उतरतो, म्हणजे थोडे आपणच उतरतो, आणि गाडी ही भिंती नसलेली खोली. आत चार माणसं, स्पीकर सहा.

एकदा गाडीत मावशी पुढे होती, मागे भाचा आणि त्याचा मित्र. एका जुन्या मित्राचा फोन आला. पडद्यावर त्याचं नाव मोठ्या अक्षरांत आलं, मावशी म्हणाली, "घे ना, किती दिवसांनी," आणि मी स्टिअरिंगवरचं बटण दाबलं. 'हॅलो' संपायच्या आत तो म्हणाला, "अरे, झालं रे शेवटी. आम्ही वेगळे राहतोय आता." दरवाजातून, पायांजवळून, मागच्या काचेखालून, सगळीकडून तोच आवाज. भाच्याने खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली, मावशीने पर्सची चेन उघडून परत लावली. मी "थांब, गाडीत आहे" म्हणेपर्यंत नकाशातल्या बाईंनी मध्येच सांगितलं, दोनशे मीटरवर उजवीकडे वळा. मित्रानेही ते ऐकलं असावं. "कोण आहे बरोबर?" असं त्याने विचारलं ते एकदम बँकेच्या माणसाच्या आवाजात.

तेव्हापासून मी पाहतोय, सगळ्यांच्याच तोंडी एक नवं पहिलं वाक्य आलंय. "गाडीत आहे, सगळे ऐकतायत." हे 'हॅलो'च्या आधी आलं पाहिजे, नंतर येऊन उपयोग नसतो. आणि ते कानावर पडताच पलीकडचा माणूस इस्त्री केल्यासारखा बोलायला लागतो, सगळ्यांची चौकशी करतो आणि ज्यासाठी फोन केला ते सोडून सगळं बोलून ठेवून देतो.

हात मोकळे म्हणजे लक्षही मोकळं, असा गाडीतल्या फोनबद्दल सोयीस्कर समज आहे. यूटा विद्यापीठात डेव्हिड स्ट्रेअर यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाडी चालवण्याच्या सिम्युलेटरवर जे प्रयोग केले, त्यांत हातात फोन धरणारे आणि हँड्सफ्रीवर बोलणारे यांच्यात फारसा फरक दिसला नाही. लक्ष दोघांचंही उडतं. शेजारी बसून गप्पा मारणारा माणूस मात्र तितका घातक ठरला नाही. याच गटाच्या २००८ च्या अभ्यासात दिसलं की शेजारचा माणूस रस्ता बघत असतो आणि गप्पा रहदारीच्या कलाने घेतो. पुढे ट्रक आला की मावशी वाक्य अर्धवट सोडते, ते याचसाठी. फोनवरच्याला ट्रक दिसत नाही. ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने गाडी सेकंदाला सोळा-सतरा मीटर जाते, आणि तो विचारतोय, "ऐकतोयस ना?"

कधी कधी गाडी आपण आत नसतानाही आपला फोन धरते. ब्लूटूथचा नेहमीचा पल्ला सुमारे १० मीटर सांगतात, पण मध्ये एखादी भिंत असली तरी तो पुरेसा ठरतो. घरात कुणीतरी फोनवर रंगात येऊन बोलतंय, बाहेर घरचंच दुसरं माणूस गाडी सुरू करतं, गाडीला ओळखीचा फोन दिसतो आणि ती बोलणं खेचून घेते. घरातल्याला वाटतं, रेंज गेली. तो "हॅलो, हॅलो" करत खोलीभर फिरतो. गाडीतल्याला आयतं ऐकू येतं, आणि तेही स्वतःबद्दलच असण्याची शक्यता काही कमी नसते. घरात दोघातिघांचे फोन एका गाडीला जोडलेले असतील तर पहिला मान कुणाचा हे गाडीच्या सेटिंगमध्ये ठरवून ठेवता येतं, निदान बऱ्याच गाड्यांत. तो मान कुणाला द्यायचा हे घरात ठरवणं अवघड, त्याला सेटिंग नाही.

ज्याचा फोन लागला त्याचं राज्य, हे एक आणखी. गाडी चालवणाऱ्याचा हक्क पहिला असं चालवणारा मानतो, बाकीचे मानत नाहीत. आणि फोन जोडताक्षणी आपण न सांगता काहीतरी वाजायला लागतं, ते आपलं शेवटचं ऐकलेलं. रात्री झोप यावी म्हणून लावलेलं पावसाच्या आवाजाचं रेकॉर्डिंग, नाहीतर वजन कमी करण्याबद्दलचं भाषण, अर्ध्या वाक्यापासून. काही फोनांत तर गाण्यांच्या यादीतलं अक्षरक्रमाने पहिलं गाणं दर वेळी आपोआप सुरू व्हायचं, आणि लोक त्या एका गाण्याला इतके विटले की २०१७ मध्ये अमेरिकेत एकाने जवळजवळ दहा मिनिटांचं निव्वळ शांततेचं 'गाणं' विकायला काढलं. नावाच्या सुरुवातीलाच 'ए' हे अक्षर पाच वेळा, म्हणजे यादीत तेच पहिलं. लोकांनी पैसे मोजून शांतता विकत घेतली आणि ते खपाच्या यादीतही वर चढलं. मला हा माणूस फार आवडला.

आता तर काही गाड्यांत फोनचा अख्खा पडदाच बिनतारी येऊन बसतो. ॲपलचं कारप्ले २०१४ मध्ये आलं, गूगलचं अँड्रॉइड ऑटो त्याच्या पुढच्या वर्षी, दोन्ही आधी तारेवर आणि मग तारेविना. त्यात ब्लूटूथ फक्त मध्यस्थी करतं. ओळख पटवून देतं, गाडीच्या वायफायचा पत्ता फोनच्या हातात देतं आणि बाजूला होतं. नकाशा, गाणी सगळं पुढे वायफायवरून येतं. त्यामुळे आवाज सुधारला, फोन जास्त तापायला लागला. गाण्यापुरतं बघितलं तर साध्या ब्लूटूथवर माझं काही अडत नाही.

चौकसपणाचा खरा हिशेब दिसतो तो परक्या गाडीत. भाड्याची गाडी घेतली आणि फोन जोडायला यादी उघडली की आधीच्यांची नावं रांगेने बसलेली असतात. 'आईचा नवीन फोन', 'ऑफिस दोन', 'हात लावू नको', आणि कुणाचं तरी नुसतं एक हृदय. प्रत्येकाने गाडी परत केली, सीटखाली चष्मा राहिलाय का तेही वाकून बघितलं, पण स्वतःचं नाव मात्र आत ठेवून गेला. नुसतं नावच राहिलं तरी ठीक. कॉन्टॅक्ट गाडीत घेऊ का, असं जोडताना विचारलं जातं आणि तिथेही आपण घाईत 'हो' म्हणतो. मग आख्खी वही आणि अलीकडचे कॉल गाडीच्या पोटात जातात. बऱ्याच गाड्या तो फोन जवळ नसताना वही दाखवत नाहीत, पण पुसून टाकतात असं नाही. गाडी विकताना किंवा परत देताना यादीतून आपला फोन काढायचा, आणि विकत असू तर सगळ्या सेटिंग मूळपदावर आणायचं एक बटण खोलवर कुठेतरी असतं ते शोधून दाबायचं. पाच मिनिटांचं काम आहे. गाडीचं पासिंग, कागदपत्रं, सगळं चोख करणारी माणसं नेमकं हेच विसरतात.

मी माझ्या गाडीला कॉन्टॅक्ट देणं बंद केलंय. गाणं दे, बोलणं दे, वही नाही. ते एक बटण बंद केल्यापासून पडद्यावर नावाऐवजी नुसता नंबर येतो. भाच्याला हे अजिबात पटत नाही. "मामा, कुणाचा फोन आहे ते तरी कळायला नको?" नको. बरोबरच्या कुणालाही कळायला नको, आणि मलाही गाडी थांबेपर्यंत नको. सगळे नंबर मी वाजू देतो. अपवाद ताईचा, कारण तो पाठ आहे आणि तिचा पोरगा बहुधा मागेच बसलेला असतो. आणि तीही आता हॅलो म्हणत नाही, आधी विचारते, "कोण कोण आहे रे गाडीत?"